तारखेला कोण उभं राहणार?

तलासरीच्या महाविद्यालयाला ज्या बाईंचं नाव आहे, त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. गोदावरी परुळेकर. जन्म १९०७ चा, पुण्यातल्या गोखल्यांच्या घरातला. वडील नावाजलेले वकील. फर्ग्युसनमध्ये शिकून त्यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली. ती पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. वडिलांच्या पायवाटेने चालायचं तर वाट मोकळी होती. त्या गेल्या भारत सेवक समाजात, तिथून किसान सभेत आणि १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत.

तेव्हा या पट्टीत वेठ होती. जमीनदाराने बोलावलं की वारल्याने जायचं, मजुरी मागायची नाही. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराच्या दारात बांधली जात. अशांना लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, त्याला उंबरगाव तालुक्यातले मोजके वारली गेले. माह्या धांगडा त्यांच्यातलेच. २३ मे रोजी झरी गावात हजारोंची सभा भरली. वेठ करायची नाही आणि बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही, असं तिथे ठरलं. पाऊस सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीचा संप सुरू झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले, त्यात जेठ्या गांगड. आजही या भागात १० ऑक्टोबर हा हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

या इतिहासातली एक गोष्ट मला कायदा शिकू पाहणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगावीशी वाटते. माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा सक्तीने काम करून घेणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७४ प्रमाणे गुन्हा होता, आणि ती संहिता १८६० ची. म्हणजे झरीच्या सभेआधी पंच्याऐंशी वर्षं वेठ पुस्तकात गुन्हाच होती. जंगलात ते कुणी सांगितलं नव्हतं. वारल्याच्या दृष्टीने जमीनदाराचा शब्द हाच कायदा होता, कारण दुसरा कुठला शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. सत्तेवरचा माणूस जे सांगतो ते एक आणि कायदा म्हणतो ते दुसरं, एवढं ज्याला ओळखता येतं आणि समोरच्याला त्याच्या बोलीत समजावता येतं, त्याच्या कायद्याच्या शिक्षणाला या मातीत अर्थ आहे. गोदावरीबाईंनी कोर्टात किती दावे लढवले यासाठी त्यांना कुणी ओळखत नाही. तरी त्यांची पदवी वाया गेली असं म्हणण्याची हिंमत मला होत नाही.

दरवर्षी निकाल लागले की डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या मुलामुलींशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलणं होतं. ठरलेल्या वाटा सगळ्यांना पाठ असतात: पोलीस भरती, नर्सिंग, डी.एड., आयटीआय. नाहीच काही जमलं तर तारापूर, नाहीतर सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत पाळी. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात ती भरतीसाठी. या गर्दीत अलीकडे एखादी मुलगी किंवा मुलगा दबक्या आवाजात विचारतो, ‘सर, वकिलीचं कसं असतं?’ घरून बहुधा विरोध असतो, निदान संशय तरी. वकील म्हणजे खोटं बोलणारा, पैसे घेऊन पुढची तारीख देणारा, अशी आईबापांची समजूत असते आणि ती त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवूनच कमावलेली असते. तिला हसण्यावारी नेऊ नये.

‘मला वाद घालायला आवडतं’ किंवा ‘मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले’ हे कायदा शिकण्याचं कारण म्हणून मला पटत नाही. डहाणूच्या कोर्टात जाऊन बसा. खुलं न्यायालय आहे, मागच्या बाकावर कुणीही नागरिक शांतपणे बसू शकतो. सकाळी पुकारा सुरू होतो. कुणाचा साक्षीदार आलेला नसतो, कुणाचं समन्स बजावलेलं नसतं, कुणाचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले असतात. प्रकरणामागून प्रकरण पुढच्या तारखेला जातं. चित्रपटातल्यासारखं भाषण दिवसभरात एकही ऐकू येत नाही. वकील बोलतो ती दोनचार वाक्यं. त्यांच्यामागे रात्री वाचलेली शंभर पानं असतात, किंवा नसतात, आणि नसली तर ते मागच्या बाकावरूनही कळतं. असा पूर्ण दिवस काढून संध्याकाळी ज्याला वाटतं, ‘त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते बघायला परत यायला हवं,’ त्याने कायद्याचा विचार करावा. ज्याला नुसता कंटाळा आला, त्याने दुसरी वाट धरण्यात काही कमीपणा नाही.

घरात बसून करता येण्यासारखी आणखी एक परीक्षा आहे. आपल्या घरचा सातबारा काढावा आणि तो खरोखर वाचावा. भोगवटादार वर्ग कोणता, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय, फेरफार क्रमांक कुठले, आजोबांचं नाव कोणत्या साली लागलं, आत्यांची नावं का नाहीत. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन; त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळणार होती. मग आपल्या घराला ती मिळाली का? नसेल तर कुठल्या कागदावर अडली? आदिवासी खातेदाराच्या सातबाऱ्यावर अनेकदा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ चा उल्लेख सापडतो. त्या दोन कलमांमुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे सरकारी मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. तरीही चिकूच्या वाड्या, महामार्गालगतचे भूखंड, समुद्राजवळचे प्लॉट यांचं काय होतं ते आपण आजूबाजूला बघतो. विक्री करता येत नाही म्हणून कुलमुखत्यारपत्र होतं, लांब मुदतीचा भाडेकरार होतो, कुणाच्या तरी नावावर कुणीतरी तिसराच कसतो. गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. सातबारा वाचताना डोळ्यांपुढे असे प्रश्न उभे राहिले आणि रात्री झोप लागेना, तर ती मुलगी कायद्याची विद्यार्थिनी आधीच झालेली आहे. प्रवेश तेवढा घ्यायचा राहिलाय.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. तलासरीत तर दहातली नऊ माणसं आदिवासी. एवढ्याशा भागावर इतके कायदे एकत्र लागू आहेत की मुंबईत वाढलेल्या वकिलाला त्यांतले निम्मे आयुष्यात कधी हाताळावे लागत नाहीत. १९९६ चा पेसा कायदा, त्यावरचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम, २००६ चा वनहक्क कायदा, जमिनीचे निर्बंध, भूसंपादनाचा २०१३ चा कायदा. बुलेट ट्रेन इथून जाते, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग इथून जातो, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग इथूनच गेला. प्रत्येकाच्या मागे नोटिसा, हरकती, मोजण्या, निवाडे, वाढीव मोबदल्याचे दावे. महामार्गावरच्या अपघातांत गेलेल्यांच्या नुकसानभरपाईची प्रकरणं वेगळीच. पेसा क्षेत्रातली १७ संवर्गांची नोकरभरती सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणामुळे अडकली, तेव्हा परीक्षा पास झालेली पोरं घरी बसून होती. नोकरी मिळते की नाही हेसुद्धा इथे दिल्लीच्या एका खटल्यावर ठरलं.

वनहक्काचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तरुण वकिलाला सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि सगळ्यात कमी पैसे इथेच. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीचा हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेकडे करायचा, गावची वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करणार, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. नियमांनी पुराव्याची यादी मोठी उदार ठेवली आहे: जुन्या दंडाच्या पावत्या, झाडं, बांध, विहिरी, घराची जोती, पुरलेल्या माणसांच्या जागा, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. ज्या समाजाकडे कागद नव्हता त्याच्या तोंडच्या शब्दाला इथे पुरावा मानलंय. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या कायदेमंडळाने केलेल्या सर्वांत न्याय्य गोष्टींपैकी ही एक आहे.

ती आपोआप झाली नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस याच डहाणू-जव्हार पट्ट्यात कष्टकरी संघटना उभी राहिली. काळूराम धोदडे यांची भूमिसेना पालघरकडे त्याआधीपासून काम करत होती. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू स्वतः कायदा शिकलेले; इथल्या वनजमिनींचा प्रश्न त्यांच्या नावाच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ साली त्यावर निकाल झाला. पुढे वनहक्क कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता. म्हणजे वारल्यांच्या पाड्यावरचं भांडण आधी याचिका झालं आणि नंतर अख्ख्या देशाचा कायदा. मधे वीस वर्षं गेली. कायदा शिकणाऱ्याने हा वीसचा आकडा लक्षात ठेवावा.

आणि कायदा झाल्यावरही काय होतं? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, त्याच न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना प्रक्रिया पाळली गेली का, हे राज्यांना विचारलं. त्या पंधरा दिवसांत पाड्यापाड्यावर जी भीती पसरली तिचा उपाय अगदी साधा होता: आपला दावा फेटाळलाय का, फेटाळला असेल तर लेखी कारण दिलंय का, अपिलाची मुदत कधी संपते, हे तीन प्रश्न कागद बघून सांगू शकेल असं माणूस गावात हवं होतं. त्याला वकिलीची सनदही लागत नाही. पण जिल्हास्तरीय समितीनेही नाही म्हटलं की पुढचा रस्ता उच्च न्यायालयाचा, आणि तिथे वकिलावाचून चालत नाही. पाड्यावरच्या जाणत्या कार्यकर्त्याचं काम जिथे संपतं, तिथे सनद असलेल्याचं सुरू होतं. आपल्याला यातलं कुठलं काम करायचंय, हे आधी ठरवलेलं बरं. पहिलं काम करायला विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होता येतं, ग्रामसभेत काम करता येतं, आणि त्यासाठी पाच वर्षं मुंबईत काढावी लागत नाहीत.

आता डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराबद्दल. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. ती अधिसूचना कागदावरच राहते आहे असं पाहून पर्यावरणवादी बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर त्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. २०१९ च्या जानेवारीत ते वारले तोवर त्या पदावर होते. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यासाठी या प्राधिकरणाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि ती बसली. १९९८ साली त्याने वाढवणचं बंदर या तालुक्यात होऊच शकत नाही असा निर्णय दिला. मच्छीमार, वाडीवाले, डायमेकर सगळ्यांनी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला.

मग ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला परवानगी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली.

१९९८ चा आदेश आणि २०२३ चा आदेश, दोन्ही सार्वजनिक आहेत. कायदा शिकावा की नाही असं विचारणाऱ्या डहाणूच्या प्रत्येक मुलाला मी ते दोन्ही वाचायला सांगतो. इंग्रजीत आहेत, लांब आहेत, शब्दकोश जवळ घ्यावा लागतो. एकाच तालुक्याबद्दल, एकाच अधिसूचनेबद्दल, एकाच संस्थेने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन उलट निर्णय कसे दिले? मधल्या काळात कोणते नियम बदलले, कुठले अहवाल नव्याने आले, कुठल्या मुद्द्यावर एकीकडे भर आहे आणि दुसरीकडे तो मुद्दा दोन ओळींत संपलाय? ज्या आदेशाने राग येतो तो शेवटच्या परिच्छेदापर्यंत नेटाने वाचणं आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा कुठला ते प्रामाणिकपणे वहीत लिहिणं, हे या पेशाचं मूळ काम आहे. माझी बाजू मच्छीमारांची आहे, ती लपवत नाही. पण मच्छीमारांना नुसती सहानुभूती असलेला वकील उपयोगाचा नाही. समोरच्याचा मुद्दा आपल्यापेक्षा चांगला मांडून दाखवू शकणारा आणि मग तो खोडून काढणारा हवा. रागाने पहिलं वर्ष निघतं. दहाव्या वर्षीच्या तारखेला राग पुरत नाही, तिथे वाचन लागतं.

पैशाचं स्पष्ट बोललं पाहिजे. सनद हातात आल्यावर पहिली काही वर्षं ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत जातात आणि तिथे मिळणारा पैसा अनेकदा येण्याजाण्यातच संपतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, बंधन नाही. ज्या घरात मोठ्या मुलाच्या कमाईवर धाकट्यांची शाळा चालते, तिथे बारावीनंतर पाच वर्षं शिक्षण आणि वर तीन वर्षं तोकडी कमाई ही फार मोठी मागणी आहे. वापीच्या कारखान्यात त्याच वयाचा शेजारचा मुलगा महिन्याला रोख आणत असतो, आणि आई ते रोज बघते. घरच्यांशी हा हिशोब पहिल्या दिवशी मोकळेपणाने करावा. तिसऱ्या वर्षी अर्ध्यावर सोडण्यापेक्षा ते बरं.

थोड्या गोष्टी सोप्याही झाल्यात. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांकडे १९२३ साली सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली म्हणून ती निघाली. शंभर वर्षांनंतरही राज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीसाठी हजारो रुपये उकळत होत्या. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं: कायद्यात लिहिलेले ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. शिकताना शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून मुंबई-ठाणे-पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळण्याची सोय आहे; चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायची. पैसा उशिरा येतो हे धरून चालावं. आणि जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाकावा. प्रवेशाच्या ऐन वेळी त्या एका कागदासाठी जागा गेलेल्या मुलांची नावं प्रत्येक गावाला ठाऊक आहेत.

वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर ‘क्लॅट’. आदिवासी विद्यार्थ्याला पात्रतेसाठी ४० टक्के गुण पुरतात. पाच वर्षांच्या वाटेने एक वर्ष वाचतं हे खरं. तरीही तलासरीच्या बहुतेक मुलांना मी तीन वर्षांची वाट सुचवतो. तलासरी, बोर्डी, डहाणूला घरी राहून पदवी होते, खर्च कमी लागतो, इंग्रजी वाचन वाढवायला उसंत मिळते, आणि वीस-एकवीसच्या वयात माणूस ‘मला हे का करायचंय’ याचं उत्तर थोडं अधिक खरं देतो. ज्या मुलीचं लग्न पदवीनंतर लगेच ठरवतील अशी भीती आहे, तिने मात्र पाच वर्षांचाच प्रवेश घ्यावा. एकदा नाव लागलं की पाच वर्षं ती शिकतेय असं तिला घरात म्हणता येतं. असं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगतो.

पालघर-विरारकडे आता विधी महाविद्यालयं आहेत. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं. त्याचं नाव मोठं, फी कमी. २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटपर्यंत लोकल आहे, त्यामुळे रोज जाऊन येऊ असं मुलांना वाटतं. एका बाजूला अडीच-तीन तास. तलासरीच्या मुलाला तर आधी डहाणू रोड गाठायचं. आणि कायद्याचा अभ्यासक्रम नियमित हजेरीचाच असतो, सत्तर टक्के हजेरी लागते, पत्रव्यवहाराने मिळवलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. ‘घरबसल्या वकील व्हा’ अशी जाहिरात दिसली तर तिच्याकडे बघूही नये. पहिल्या वर्षी तरी शहरात राहण्याची सोय लावावी, कारण त्याच वर्षी वाचायची सवय लागते नाहीतर कायमची सुटते.

इंग्रजीची भीती सगळ्यांना वाटते. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, मोठे निकाल इंग्रजीत, चांगली पुस्तकं इंग्रजीत. हे वर्षभरात येत नाही आणि पाच वर्षांत निश्चित येतं. पण दुसऱ्या बाजूचं कुणी बोलत नाही. तालुक्याच्या कोर्टात कामकाज मराठीत चालतं आणि साक्षीदार म्हणून उभी राहिलेली म्हातारी वारलीत बोलते. सालाची आठवण ती पावसावरून, लग्नावरून, साथीवरून सांगते. ‘नक्की तारीख सांगा’ म्हटलं की गोंधळते, आणि नोंद होते की साक्षीदाराला आठवत नाही. तिच्या सांगण्यातलं साल ओळखून योग्य प्रश्न विचारणारा वकील तिच्याच पाड्यावरचा असू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हक्क आहे. तिचं बोलणं समजणारे वकील प्राधिकरणाच्या यादीत किती आहेत, एवढाच प्रश्न आहे. ज्या मुलाला वर्गात आपल्या बोलीची लाज वाटायला लावली गेली, त्याच्याकडे इथे शहरी सहकाऱ्याकडे नसलेलं कौशल्य आहे.

काळा कोट हवा म्हणून, गावात नावापुढे ‘अ‍ॅड.’ लागावं म्हणून, किंवा पुढेमागे राजकारणात उपयोग होईल म्हणून या वाटेला येऊ नये, असं मी तोंडावर सांगतो. घरी तातडीने पैसा लागणार असेल तर आधी नोकरी धरावी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम नंतरही करता येतो, वयाची अडचण येत नाही. पदवीचा अर्थ वकिलीच असाही नाही: सरकारी अभियोक्ता, महामंडळांतले विधी अधिकारी, संस्थांमधली कामं आहेत. न्यायाधीश व्हायचं स्वप्न मुलींमध्ये जास्त दिसतं. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. कोर्टात उभं न राहता थेट खुर्चीवर बसू नये हे तत्त्व मला मान्य आहे. पण ती तीन वर्षं तलासरीची मुलगी कशावर काढणार, याची सोय आदिवासी विकास विभागाने केली पाहिजे. एमपीएससीच्या शिकवणीला पैसा मिळतो तसा कनिष्ठ वकिलीच्या तीन वर्षांनाही मिळायला हवा. लोकप्रतिनिधींकडे ही मागणी करायला कुणाची सनद लागत नाही.

२०२५ च्या दिवाळीत बारावीत असलेली मुलगी २०२६ मध्ये प्रवेश घेईल. २०३१ मध्ये पदवी, मग बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. न्यायाधीशाच्या परीक्षेला ती २०३४ च्या आधी बसू शकणार नाही. वाढवण बंदराचा पहिला टप्पा २०३० च्या आसपास पुरा करायचं नियोजन आहे. म्हणजे तिची पहिली तारीख पडेल तेव्हा जहाजं लागायला लागली असतील. कोणत्या बोटीला कुठे जाळं टाकायची बंदी आहे, कोणाच्या मासेमारीची भरपाई कशी मोजली, परवानगीतल्या अटींपैकी किती पाळल्या, रस्त्यासाठी घेतलेल्या वाडीचा वाढीव मोबदला कधी मिळणार, हे सगळे दावे तेव्हा ऐन भरात असतील. त्या अटी आजच छापलेल्या आहेत, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते. त्यानंतर निकाल लागेपर्यंत दोन-अडीच महिने मोकळे मिळतात.